टिपणीसबाईंच्या गाडीचा तळ

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगर या सरकारी कॉलनीत नवी बदली होऊन आलेलं कुटुंब रविवारी सकाळी सामान उतरवू लागलं की त्यांना एक दृश्य हमखास दिसायचं. जांभळाच्या झाडापासून चांगली वीस पावलं लांब उभी असलेली राखी रंगाची फियाट, तिची एक बाजू लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय. पायांत जोडवी. नवे लोक बिचारे धावत यायचे. बाईमाणूस गाडीखाली आलं असं वाटून कुणी पाण्याचा तांब्या आणायचं, कुणी फोन शोधायला निघायचं. मग वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडायचं, "अरे कुछ नहीं हुआ भाईसाहब, मिसेस टिपणीस हैं. हर संडे होता है."

आणि गाडीखालून हेमलताबाईंचा आवाज यायचा, "आ ही गये हैं तो ज़रा वो तार का ब्रश पकड़ाइए."

हेमलताबाई मिनिस्ट्रीत असिस्टंट होत्या. उंची पाच फुटाला दोन बोटं कमी, आवाज मात्र सहा फुटी. यजमान श्रीरंगराव दुसऱ्या मिनिस्ट्रीत होते. माणूस अत्यंत सज्जन, पण घरातला बल्ब बदलायचा तरी शेजाऱ्याला हाक मारणारा. गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती सरोजिनी नगरच्या चौकातल्या गोल हिरवळीवर चढवली, खाली उतरून माळ्याची माफी मागितली आणि चावी बायकोच्या हातात दिली ती कायमची.

गाडी काही हौसेखातर घेतलेली नव्हती. त्यांची एकुलती एक मुलगी अलकनंदा, घरातली नंदा, दोन वर्षांची असताना पोलिओने आजारी पडली. दोन्ही पायांना कॅलिपर आणि दोन्ही काखांत कुबड्या. आता दिल्लीची बस कुठे थांबते? ती फक्त हळू होते. हेमलताबाईंनी पोर दहा वर्षांची होईपर्यंत तिला आधी कडेवर, मग पाठुंगळी घेऊन बसमागे धावून पाहिलं. मग १९७३ साली पानिपतच्या एका सतरंज्यांच्या व्यापाऱ्याची सात वर्षं वापरलेली फियाट त्यांनी घेतली. व्यापारी दिलदार होता. नंदाला पाहून त्याने दुकानातली एक जाडजूड सतरंजी काढली आणि स्वतःच्या हाताने गाडीत अंथरली. म्हणाला, "बिटिया के पैरों को ठंड नहीं लगेगी."

त्या सतरंजीने घात केला. म्हणजे सतरंजीने काय, हेमलताबाईंच्या मायेने केला.

आपल्याकडच्या बायकांना एक खोड असते. स्वच्छ म्हणजे धुतलेलं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. हेमलताबाई गाडीची रोज सकाळी केर-लादी करायच्या. होय, केर-लादी. बाहेरून दोन बादल्या पाणी, आणि आतून घरातल्या फरशीसारखं ओलं फडकं. मग ओल्या तळावरच सतरंजी पुन्हा ताणून बसवायची, कडेने टाचायचीसुद्धा, नंदाची कुबडी घसरू नये म्हणून. पावसाळा आला की वरून प्लास्टिकची ताडपत्री, चारी बाजूंनी दोरीने करकचून बांधलेली. दसऱ्याला बॉनेटवर नारळ फोडून त्याचं पाणी सगळीकडे शिंपडायचं, हळदकुंकवाची बोटं उमटवायची आणि ती आठ दिवस पुसायची नाहीत, कारण पुसणं अशुभ. कॉलनीत सगळ्यांत चकचकीत गाडी त्यांचीच होती. लोक म्हणायचे, टिपणीसबाई गाडी नाही, देव्हारा सांभाळतात. बाईंना ते ऐकून बरं वाटायचं.

दोन वर्षांनी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, शाळेच्या फाटकाशी नंदा उतरायला निघाली. तिने नेहमीसारखी कुबडी तळावर टेकली, अंगाचा भार दिला, आणि कुबडी सतरंजीसकट खाली गेली. पोर तोंडावर आपटली. हनुवटीला तीन टाके पडले. तिला दवाखान्यातून घरी आणून निजवल्यावर बाई गाडीपाशी परत आल्या आणि त्यांनी सतरंजी उचलली. खाली पत्रा नव्हताच. तांबूस भुग्यासारखं काहीतरी होतं, त्यात एक भोक होतं, आणि भोकातून रस्ता दिसत होता.

त्या तिथेच गाडीत बसून रडल्या. मुलगी पडू नये म्हणून गाडी घेतली, आणि त्या गाडीतच तिला पाडलं. अति तेथे माती म्हणतात, ती इथे लाल रंगाची होती.

करोलबागेतल्या डेंटिंगवाल्याने गाडी पाहिली आणि पान चघळत इलाज सांगितला. वरून एक पत्रा टाकू, पुट्टी मारू, काळा रंग देऊ, दोन वर्षं कुणाला कळणारही नाही. "और दो साल बाद?" बाईंनी विचारलं. "तब की तब देखेंगे, बहनजी." बाईंनी गाडी वळवली आणि घरी आणली.

मग आठवड्याभराने त्या कुठल्याशा पाहुण्यांना भेटायला कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथीगृहात गेल्या. पोर्चमध्ये लष्कराची एक जीप उभी होती. अंगावरचा रंग उडालेला, टपाला ठिगळं, वय गाडीवरूनच कळत होतं. बाईंना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी पदर खोचला, पायरीवर पर्स ठेवली आणि चक्क खाली वाकून जीपचा तळ पाहू लागल्या. येणारे-जाणारे अधिकारी थबकले. जीपशेजारी उभा असलेला हवालदारही गोंधळला. तो म्हणाला, "बाई, काय हारपलंय का?"

"हारपलं नाही. तुमची जीप किती वर्षांची आहे?"

"तेरा."

"मग हिच्या खाली गंज का नाही?"

हवालदार हसला. मल्हारी त्याचं नाव, माण तालुक्यातला, कॅन्टोन्मेंटच्या वर्कशॉपमध्ये होता. त्याने उलट विचारलं, "तुमच्या गाडीला हाय व्हय?" तेव्हा हेमलताबाईंनी, ज्यांनी नवऱ्यालाही धड सगळं सांगितलं नव्हतं, त्या अनोळखी माणसाला पोर्चमध्ये उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लादी, सतरंजी, ताडपत्री, नारळ, कुबडी, तीन टाके. मल्हारीने मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "ऐतवारी येतो. गाडी धुऊ नका तवर."

मल्हारी आला तो बायकोला, ठकूबाईंना, घेऊनच. हातात स्क्रू ड्रायव्हर. गाडीच्या रंगाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. त्याने स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकायला सुरुवात केली, अगदी आपण बाजारात माठ ठोकून घेतो तसं. चांगला पत्रा ठण्ण वाजायचा. कुजका बद्द. नंदा पायरीवर बसून मोजत होती. बद्द अकरा वेळा आलं.

"वरनं कीर्तन, आतनं तमाशा," मल्हारी म्हणाला. मग बाईंचा चेहरा पाहून त्याने आवाज खाली आणला. "वाईट वाटून घिऊ नका. लोक गाडीला पावसात सोडत्यात म्हनून ती सडत न्हाय. पानी आत घालून दार लावून घेत्यात म्हनून सडती. पानी येनारच. त्याला जायाला वाट पायजे, आन् वारा पायजे. तुमी पोरीला न्हाऊ घातल्यावर वली तशीच रजईत गुंडाळता का?"

 बाईंना असं सुनावणारा दिल्लीत तो पहिलाच.

पुढचे चार रविवार त्या अंगणात एक शाळा चालली. ठकूबाई आणि नंदा गॅलरीत शेंगा सोलायच्या, आणि खाली मल्हारी शिकवायचा. कुजका पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापून टाकायचा, त्यात दयामाया नाही. नवा तुकडा सांधायचा तो कापलेल्या जागी, कुजक्यावर नाही. आजूबाजूचा वरवरचा गंज तारेच्या ब्रशने, पॉलिश पेपरने, धातू चांदीसारखा दिसेपर्यंत घासायचा. दिसला की त्याच दिवशी गंज रोखणारं रेड ऑक्साइड, कारण उघडा धातू एक रात्रही हवेत ठेवायचा नाही. मग रंगाचे दोन हात. दाराखाली जी पोकळ पट्टी असते तिच्यात आतून तेलाचा हात. बॅटरीखालचा पत्रा खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचा आणि लगेच कोरडा करायचा. जोडकाम त्याने वर्कशॉपमधल्या ओळखीच्या माणसाकडून करून आणलं, पण घासायला त्याने हातसुद्धा लावला नाही. "घासायचं तुमी. म्या केलं तर तुमाला कळायचं न्हाय." बाईंच्या दहाही बोटांची सालं निघाली. ऑफिसात टायपिंगला बसल्या की टाइपरायटरच्या बटणांवर रक्ताचे ठिपके पडायचे.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट त्याने शेवटच्या रविवारी दाखवली. दारांच्या तळाशी बारीक भोकं असतात, आत शिरलेलं पाणी गळून जावं म्हणून. बाईंच्या गाडीची सगळी भोकं जांभळाच्या पानांच्या चिखलाने बुजली होती. दिल्लीतल्या सगळ्या सरकारी बायकांप्रमाणे हेमलताबाईही हिवाळ्यात जेवणाच्या सुट्टीत हिरवळीवर बसून स्वेटर विणायच्या. त्यांनी पर्समधली दहा नंबरची सुई काढली आणि पहिलं भोक मोकळं केलं. आतून वाटीभर काळं पाणी आलं. मल्हारीने कपाळाला हात लावून सलाम ठोकला, थट्टेने, पण पूर्ण थट्टेने नाही.

नव्याचे नऊ दिवस असतात, असं श्रीरंगरावांना वाटलं होतं. ते नऊ दिवस अकरा वर्षं चालले. मल्हारी पेन्शनीत निघून गावी गेला, तरी रविवार चुकला नाही. ताडपत्री गेली, सतरंजी गेली, आतमध्ये फक्त एक सुटी रबरी चटई, तीही रोज उचलून टांगायची. गाडी धुवायची ती पंधरा दिवसांनी, आणि धुतली की पुसून, चारी दारं उघडी टाकून उन्हात. दसऱ्याला नारळ चाकासमोर जमिनीवर फुटू लागला, आणि हळदकुंकू संध्याकाळी पुसलं जाऊ लागलं. शेजारणी म्हणाल्या, देवाचं असं पुसतात का? बाई म्हणाल्या, देवाला गंज चढत नाही, गाडीला चढतो. गाडी एका जागी आठ दिवस उभी राहू द्यायची नाही, म्हणून एशियाडच्या वर्षी तापात असतानाही त्या पांघरूण गुंडाळून कॉलनीला दोन फेऱ्या मारून आल्या.

त्यांचा जाच मात्र भारी होता, हे सांगायलाच हवं. गाडीत बसायच्या आधी बूट झटका. ओली छत्री डिकीत नाही, हातात, खिडकीबाहेर. भाच्याच्या लग्नाच्या वरातीला गाडी मागितली, तेव्हा त्यांनी सरळ नकार दिला. नवऱ्याकडचे नातेवाईक वर्षभर बोलले नाहीत. बाईंनी त्या वर्षात मडगार्डांचा आतला भाग पुन्हा रंगवून घेतला. लोकांना वाटे, ह्या बाईला गाडीचं वेड लागलंय. खरं तर त्यांना गाडी मुळीच आवडत नव्हती. त्यांना फक्त ते भोक विसरता येत नव्हतं.

१९८६च्या जूनमध्ये नंदाला एका कॉलेजात इतिहासाची लेक्चरर म्हणून नेमणूक मिळाली. सोळा जुलैला रुजू व्हायचं होतं. घरात पेढे वाटून झाल्यावर हेमलताबाई हिशेब मांडू लागल्या, किती वाजता निघायचं, तिला सोडून ऑफिसात कसं पोचायचं, दुपारी रजा कशी काढायची. नंदाने सगळं ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, "आई, शाळेत तू सोडलंस, कॉलेजात तू सोडलंस. आता नोकरीलाही तूच सोडणार आणि तूच आणणार, तर मग ही नोकरी कोणाची, माझी की तुझी? मी स्वतः गाडी चालवत जाईन. ते जमत नसेल तर मी नाही म्हणून कळवते."

पायांची सगळी कामं हातावर आणणारे दांडे बसवून देणारा एक सरदारजी कश्मीरी गेटला होता. त्याने ऐकलं आणि मान हलवली. ते दांडे तळाच्या पत्र्याला जखडावे लागतात, ब्रेक दाबताना सगळा जोर तिथेच येतो. "बहनजी, बीस साल पुरानी गाड़ी है. फर्श तो पापड़ होगा. नई ले आओ." नवी कुठून आणणार? मारुतीला नंबर लावून लोक वर्षानुवर्षं बसले होते, आणि हातात होते चोवीस दिवस. बाई म्हणाल्या, "नीचे घुसकर देख लीजिए, फिर बोलिए." सरदारजी खाली गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याने हाताखालच्या पोराला मोजपट्टी आणायला सांगितलं.

नंदा पंधरा दिवसांत चालवायला शिकली. पण दांडे बसवले म्हणजे झालं नाही, गाडीत बदल केला की वाहन निरीक्षकाची मंजुरी लागते. तपासणीची तारीख मिळाली चौदा जुलै. तो नाही म्हणाला तर दुसरी संधी नव्हती.

तेराच्या संध्याकाळी श्रीरंगराव हळूच म्हणाले, "हेमा, तो जुना तुकडा सांधलेला आहे ना, नेमका दांड्यांच्या बाजूला. निरीक्षकाने जोड पाहिला की त्याला निमित्त मिळेल. वरून डांबराचा एक हात देऊन टाकूया का? झाकली मूठ सव्वा लाखाची."

हेमलताबाईंनी लगेच नाही म्हटलं नाही. डांबराचा डबा त्यांनी बाहेर काढलासुद्धा. ब्रश बुडवला. नंदाचं सगळं पुढचं आयुष्य त्या दोन वितींच्या पत्र्यावर अडकलं होतं, आणि एक हात फिरवला की जोड दिसणार नव्हता. त्यांना करोलबागेचा डेंटिंगवाला आठवला, कुणाला कळणारही नाही म्हणणारा. त्यांनी ब्रश रॉकेलमध्ये धुतला.

"मूठ झाकायची असते, पत्रा नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या. रात्री मात्र त्यांना जेवण गेलं नाही.

निरीक्षक वयस्कर होता, कंटाळलेला होता, आणि त्याने आयुष्यभर रंगाखाली लपवलेला गंज पाहिला होता. चकचकीत बॉनेट पाहून तो अधिकच संशयी झाला. हातोडी घेऊन तो आत वाकला. एक ठोका, दोन ठोके. नंदा कुबड्यांवर उभी राहून ठोके मोजत होती. तेवढ्यात हेमलताबाई पुढे झाल्या.

"साहब, यहाँ नहीं. यहाँ ठोकिए." त्यांनी बोट ठेवलं. "ग्यारह साल पहले यहाँ छेद हुआ था. मेरी ग़लती से. यह टुकड़ा जोड़ा हुआ है."

श्रीरंगरावांनी डोळे मिटून घेतले. निरीक्षकाने चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं. त्याच्या नोकरीत कुणी आपला दोष असा बोटाने दाखवला नसावा. त्याने हातोडी ठेवली, लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक बरोबर जोडावर टेकवलं आणि दोन्ही हातांनी सगळं वजन टाकलं. रंग खरवडला गेला. खाली स्वच्छ, चांदीसारखा धातू दिसला. स्क्रू ड्रायव्हर तसूभरही आत गेला नाही. त्याने आणखी तीन ठिकाणी तसंच केलं, जोड संपतो तिथे, दाराच्या कडेला, दांड्यांच्या बोल्टपाशी. मग उभा राहून घाम पुसला.

"किसने किया?"

"एक हवलदार साहब ने सिखाया. बाक़ी मैंने."

"सब?"

"हर संडे."

निरीक्षकाने कागद बॉनेटवर ठेवला आणि सही केली. जाताना त्याने नंदाला नाही, बाईंनाच नमस्कार केला. हेमलताबाईंचं लक्ष नव्हतं. त्या खरवडलेल्या जागी रेड ऑक्साइड लावायचं राहिलं, म्हणून त्यांची घाई चालली होती.

सोळा तारखेला सकाळी नंदा एकटी गेली. कुबड्या शेजारच्या सीटवर, हात दांड्यांवर. हेमलताबाई फाटकापाशी उभ्या राहून पाहत होत्या आणि एकीकडे ओरडत होत्या, पाणी साचलंय तिथून हळू घे, ब्रेक कोरडे करून घे. नंदाने खिडकीतून हात हलवला. गाडी कोपऱ्यावर वळली. बाई ऑफिसात गेल्या आणि त्यांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत एका फाइलवर तीन वेळा चुकीची तारीख घातली.

नंदाचे तास दोनला संपणार होते. तीनपर्यंत यायला हवी होती. चार वाजले. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेल्या हेमलताबाई फाटक ते पायरी, पायरी ते फाटक अशा फेऱ्या घालत होत्या. श्रीरंगरावांना त्यांनी ऑफिसातून बोलावून घेतलं. पाच वाजले. बाईंच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. बोल्ट, दांडे, जोड, एकेक करून सगळं त्यांनी मनात पुन्हा ठोकून पाहिलं. साडेपाचला कोपऱ्यावरून फियाट आली, शांतपणे, आणि झाडापासून लांब, बरोबर आपल्या जागी उभी राहिली.

हेमलताबाई धावतच गेल्या. "कुठे होतीस? काय बिघडलं? कुठे बंद पडली?"

"काही नाही बिघडलं," नंदा म्हणाली. तिचे केस विस्कटले होते आणि तोंड उन्हाने लाल झालं होतं. "तास झाले. मग मी कुतुबकडे गेले. तिथून महरौलीच्या पुढे, शेतं लागतात तिथपर्यंत. मग परत आले."

"कशाला? काय काम होतं तिकडे?"

"काही नाही, आई. उगाच."

हेमलताबाईंच्या तोंडात आलेली शिवी तिथेच राहिली. तेवीस वर्षांत ही पोर कुठेही उगाच गेली नव्हती. शाळेत गेली होती, दवाखान्यात गेली होती, परीक्षेला गेली होती. जिथे कुणीतरी नेलं तिथे गेली होती, आणि काम झालं की कुणीतरी परत आणलं होतं. बाईंनी गाडीच्या दारावर दोन्ही हात ठेवले आणि सगळ्या कॉलनीदेखत त्या रडू लागल्या. श्रीरंगराव घाबरून पाणी आणायला पळाले.

"अगं, रागावलीस का?" नंदाने विचारलं.

"नाही," हेमलताबाई नाक ओढत म्हणाल्या. "उद्या कुठे जाणार आहेस?"

"ठरवलं नाही अजून."

"नको ठरवूस," त्या म्हणाल्या.